एकच क्रॅक, दोन मशीन : लोअर परळच्या एका छापखान्यातलं प्रकरण

शनिवार, २८ सप्टेंबर २०१९, सर्वपित्री अमावास्या. मी दादरला एका दवाखान्यातला प्रिंटर उघडून बसलो होतो, तेवढ्यात अण्णांच्या प्रेसमधून ताईंचा फोन आला. "दादा, सगळ्या फायलींना शेपूट फुटलंय. एकही उघडत नाहीये. आत्ताच्या आत्ता या." ताई बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, करतायत. छपाईच्या आदल्या रात्री सगळी पानं हलली तरी त्यांचा आवाज चढत नाही. त्या दिवशी चढला होता.

प्रेस लोअर परळला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली ऑफसेट आणि कटिंग मशीन, वर पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर. प्रेसचं नाव, गाळ्याचा नंबर आणि अंकाचं नाव इथे देत नाही. बाकी सगळं घडलं तसं लिहितोय, कारण असा छापखाना, असा क्लास, असं सीएचं ऑफिस मुंबईत गल्लोगल्ली आहे आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या फोल्डरमध्ये 'क्रॅक' नावाची, विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकट चालवणारी फाइल पडलेली असते.

हातात काम होतं २०८ पानांच्या दिवाळी अंकाचं. सोळा पानांचे तेरा फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे पानांचे गट. पाच फर्मे आधीच प्लेट करायला बाहेर गेले होते, म्हणजे तेवढे सुरक्षित. उरलेले आठ फर्मे, १२८ पानं, पुढच्या मशीनवर. मागच्या मशीनवर अकरा वर्षांचं जुनं काम: पुस्तकं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, लग्नपत्रिकांचे शेकडो नमुने.

मी पोचलो तेव्हा दोन्ही स्क्रीन चालू होते. प्रत्येक फाइलच्या नावापुढे टिंब आणि चार इंग्रजी अक्षरं चिकटली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी टेक्स्ट फाइल होती, तिच्यात खंडणीचा मजकूर: फायली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत दिले तर निम्मे, ४९०. त्या वेळच्या भावाने जवळजवळ ३५ हजार रुपये. हा मजकूर मी आधीही पाहिला होता. स्टॉप किंवा डेजव्हू म्हणतात तो हा रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. २०१८ च्या अखेरीपासून जगभर घराघरातल्या आणि छोट्या दुकानांतल्या मशीनना यानेच सर्वांत जास्त छळलं होतं. पसरायचा रस्ताही ठरलेला: फुकट सॉफ्टवेअरचे क्रॅक. मोठ्या कंपन्यांवर हल्ला करणारे गट वेगळे असतात, ते आधी पाळत ठेवतात. याला तसली काही गरजच नव्हती. लोक याला स्वतःहून घरात घेत होते.

कसा आला, हे कळायला तासभर गेला. अण्णांचा पुतण्या, एकोणीस वर्षांचा, कोपऱ्यात कागदाच्या रिमवर बसून होता. चेहरा पांढराफटक. अण्णा खालूनच ओरडत होते. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, याला आत्ता बोलू नका. काय केलं ते फक्त यालाच माहीत आहे, तेच आपल्याला हवंय." अण्णा पुटपुटत चहा सांगायला गेले आणि पोराने हळूहळू सांगितलं.

मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराने फाइल नव्या व्हर्जनमध्ये पाठवली होती. प्रेसमधलं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात ती उघडेना. खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या म्हणून चित्रकाराला फोन केला, तो गावाला गेलेला. ताई जेवायला गेल्या होत्या. पोराने नेटवर नव्या व्हर्जनचं 'फुल, लाइफटाइम' शोधलं, एका व्हिडिओखाली लिंक मिळाली, झिप उतरवली. झिपला पासवर्ड होता, तोही तिथेच लिहिलेला. आत एक सूचनांची फाइल: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग क्रॅकवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. त्याने अगदी तसंच केलं. मग विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के वाढताना दिसायला लागले. अपडेट चालू असताना मशीन बंद करू नये एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून तो शांत बसून राहिला. ती खिडकी खोटी होती. तिच्या आडून फायलींना कुलपं लागत होती.

सॉफ्टवेअर काही सुरू झालं नाही. तेव्हा या मशीनचंच काहीतरी बिघडलं असेल असं समजून त्याने तीच झिप पेनड्राइव्हवर घेतली आणि मागच्या मशीनवर चालवली.

आता हे पोर क्रॅक चालवायला शिकलं कुठे? या जागेत. आणि इथे पहिला क्रॅक मीच बसवला होता. ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

२००६ साल. अण्णांनी मराठी फॉन्टचं पॅकेज रीतसर, पावतीने, चांगले पैसे मोजून घेतलं होतं. त्याबरोबर लॉक यायचं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: अंगठ्याएवढी एक डबी, दोन्ही बाजूंना पंचवीस पिनांची, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायची आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीवर लावायची. प्रोग्रॅम चालू असताना अधूनमधून त्या डबीला प्रश्न विचारतो, डबी ठरलेलं उत्तर देते, उत्तर आलं नाही की प्रोग्रॅम काम थांबवतो. कॉपी कितीही काढा, डबी एकच. कल्पना उत्तम होती. पण एका पावसाळ्यात विजेचा झटका बसला आणि डबी गेली. कंपनीकडे दुरुस्तीला पाठवायची तर पंधरा दिवस, आणि दारात निवडणुकीची पत्रकं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत ठेवू देतं. पण लॉक जळाल्यावर ती प्रत घेऊन करायचं काय? मी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, प्लास्टिकच्या पिशवीतून एक सीडी आणली आणि त्यातला पॅच, म्हणजे प्रोग्रॅम आतून बदलणारा तुकडा, मारला. प्रोग्रॅम लॉकशिवाय धावायला लागला. अण्णांनी माझी पाठ थोपटली होती. पुढे लॉक दुरुस्त होऊन आलं, ते तसंच कपाटात राहिलं. मग प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला हाच मार्ग. पैसे भरणाऱ्या माणसाला कुलपाचा त्रास आणि न भरणाऱ्याला मोकळं रान, हे एकदा पाहिलं की माणूस परत पैसे भरायला जात नाही. हे मी त्या दिवशी अण्णांना शिकवलं. अण्णांकडून ते पोराकडे गेलं.

हे कुलूप तुटतं कसं, हेही थोडं सांगायला हवं, कारण धोका नेमका त्यातच आहे. सॉफ्टवेअरचं कुलूप कितीही गुंतागुंतीचं असो, शेवटी प्रोसेसरला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हा माणूस खरा की खोटा? खरा असेल तर इकडे उडी, खोटा असेल तर तिकडे. सुरुवातीची कुलपं तर हास्यास्पद साधी होती. विंडोज ९५ च्या किरकोळ विक्रीच्या सीडीवरचा नंबर तपासताना पाहिलं जायचं ते मुख्यतः एवढंच, की मागच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग जातो का. त्यामुळे सगळे एक लिहिले तरी चालायचे. पुढे नंबरांना खरी गणिती सही आली. कंपनीकडची गुप्त किल्ली नसेल तर तसला नंबर बनवता येत नाही. तेव्हा क्रॅक करणाऱ्यांनी नंबरांचा नाद सोडला आणि थेट प्रोग्रॅम उघडून ती उडीच बदलायला सुरुवात केली. जुन्या इंटेल प्रोसेसरच्या भाषेत 'समान असेल तर उडी मार' याचा अंक ७४ आणि 'समान नसेल तर उडी मार' याचा ७५. एका बाइटचा फरक. लाखो बाइटमधून तो एक शोधून काढायला मात्र कसब लागतं. ते करणाऱ्या माणसांची बुद्धी कमी प्रतीची नव्हती, आणि त्यांतले कितीतरी जण हे पैशासाठी करतही नव्हते.

कंपन्यांनी मग प्रोग्रॅम आतून गुंडाळायला, सांकेतिक करायला आणि इंटरनेटवरून परवाना तपासायला सुरुवात केली. तेव्हा क्रॅकबरोबर नवी सूचना यायला लागली: विंडोजच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये चार ओळी घाला, म्हणजे मशीनला कंपनीचा सर्व्हर सापडणारच नाही. ही फाइल म्हणजे घरातली फोन नंबरांची वही. तिच्यात कंपनीच्या नावापुढे स्वतःच्याच घरचा नंबर लिहून ठेवायचा.

त्या शनिवारी मी पुढच्या मशीनवरची ही फाइल उघडली. वरती चार ओळी होत्या, तीन वर्षांपूर्वी माझ्याच हाताने घातलेल्या, सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर अडवणाऱ्या. त्यांच्या खाली, मध्ये एक रिकामी ओळसुद्धा न सोडता, रॅन्समवेअरने घातलेली लांबलचक यादी होती: अँटिव्हायरस कंपन्या, सुरक्षेच्या मदतीच्या साइट्स, सगळ्यांचे पत्ते अडवलेले. म्हणजे मदत शोधायला जावं तर दरवाजाच उघडू नये. युक्ती तीच, फाइल तीच, हस्ताक्षर फक्त वेगळं. मी ती यादी ताईंना दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बराच वेळ माउसला हात लावला नाही.

कुलूप फक्त कंपनीचं तुटत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. क्रॅक चालवण्याआधी तुमचं स्वतःचं कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने काढता. अँटिव्हायरस बंद, ॲडमिनची परवानगी दिलेली, झिपला पासवर्ड लावून तपासणी चुकवलेली. आणि हे करताना मनात शंका येत नाही, कारण अँटिव्हायरस प्रत्येक क्रॅकवर ओरडतोच. निरुपद्रवी क्रॅकवरही 'हॅकटूल' म्हणून ओरडतो. 'लांडगा आला रे आला' ऐकून ऐकून गावाला सवय झाली होती तशीच ही गत. खरा लांडगा येतो तेव्हा आपणच उठून दार उघडतो. खुल्या जागेवर ठेवलेल्या क्रॅकवर पहिल्या करणाऱ्याचंही नियंत्रण राहत नाही. कुणीही तो उचलावा, आत आपला माल भरावा, परत ठेवून द्यावा.

आता दुरुस्तीचं. पहिलं काम, पुढचं मशीन नेटपासून तोडलं. पेनड्राइव्ह बाजूला काढून त्यावर लाल टेप लावली. दुसरं काम फायलींचं नव्हे, बँकेचं. त्या काळात या रॅन्समवेअरबरोबर ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा ॲझोरल्ट नावाचा प्रोग्रॅम पुष्कळदा येत असे. प्रेसचं चालू खातं त्याच ब्राउझरमध्ये उघडलं जायचं. अण्णांना खाली बसवून त्यांच्या फोनवरून नेट बँकिंगचा, मेलचा, जीएसटीचा, सगळे पासवर्ड बदलले आणि बँकेला कळवलं. बहुतेक जण फायलींच्या मागे धावतात आणि हे विसरतात. पैसे तिकडून जातात.

मग पैसे द्यायचे की नाही. अण्णा द्यायला तयार होते. "अरे, पस्तीस हजार गेले तर गेले, अंक तर निघेल!" मी नको म्हटलं. चोराने शब्द पाळला तरी त्या पैशातून उद्या दुसऱ्याची प्रेस बसणार, आणि नाही पाळला तर कुणाकडे दाद मागणार? ताईंनी माझी बाजू घेतली. त्या म्हणाल्या, "अण्णा, पानं माझ्याकडे कागदावर आहेत. मला माणसं द्या, पैसे नका देऊ."

आणि खरंच होती. मुद्रितशोधक जुन्या वळणाचे, स्क्रीनवर वाचत नाहीत. पाच फर्म्यांची तिसरी प्रूफं लाल शाईच्या खुणांसकट ताईंच्या टेबलाखालच्या खोक्यात होती. आणखी तीन फर्म्यांच्या पीडीएफ ताईंनी संपादकांना मेलने पाठवल्या होत्या. त्या 'सेंट'मधून जशाच्या तशा मिळाल्या, फोटो तेवढे हलक्या प्रतीचे. लेखकांच्या मूळ फायली संपादकांकडे होत्या, पण काही युनिकोडमध्ये, काही जुन्या फॉन्टमध्ये, काहींचे नुसते हस्तलिखिताचे फोटो. दोन ऑपरेटर बाहेरून बोलावले. नवरात्राचे नऊ दिवस रात्री अकरापर्यंत काम चाललं. पुतण्या प्रूफ वाचून दाखवायचा, ताई दुरुस्त्या घालायच्या.

फोटोंचा एक मार्ग मला अनपेक्षित सापडला. हा रॅन्समवेअर घाईत असतो. तो अख्खी फाइल बदलत बसत नाही, प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे साधारण १५० केबी तेवढे सांकेतिक करतो. छोटी फाइल त्यात पुरी जाते. पण ताई स्कॅन केलेले जुने फोटो न दाबता, तीस-चाळीस एमबीच्या टिफ प्रकारच्या चित्रफायलींत ठेवायच्या. त्यांचं डोकं गेलं होतं, धड शाबूत होतं. त्याच स्कॅनरवर त्याच मापाचा एक नवा कागद स्कॅन करून त्या फाइलचं डोकं जुन्या धडाला लावलं. पहिला फोटो उघडला तो गिरगावातल्या एका चाळीतल्या १९५० च्या दशकातल्या गणपतीचा. वरची केसाएवढी पट्टी काळी-पांढरी विस्कटलेली, खाली सगळी माणसं जागच्या जागी. असे सतरा फोटो परत आले. पट्टी कापून छापले.

अंक धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी बाहेर पडला. जाहिरातदारांपैकी दोघांनी उशीर झाला म्हणून पैसे कापले.

तक्रार मात्र केली नाही, आणि ते मला आजही खटकतं. मी सायबर पोलिसांकडे चला म्हणत होतो. अण्णा तयार झाले नाहीत, कारण पोलिसांनी विचारलं असतं, ही फाइल कुठून आली? कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये पुढे जोडलेलं कलम ६३ ब आहे. नकली प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण प्रेस म्हणजे धंदाच. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ अ हक्क डावलण्याच्या हेतूने कुलूप मोडण्यालाच गुन्हा ठरवतं, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली तोच तोंड लपवतो. हल्लेखोरांना हे पक्कं माहीत असतं. क्रॅकमधून येणाऱ्या रॅन्समवेअरचं खरं संरक्षण तेच आहे.

राहिलं मागचं मशीन. दोन्ही मशीनवर एकच फाइल चालली, पण दोघांचं नशीब वेगळं निघालं आणि त्याचं कारण एक केबल होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा दुसरा रॅन्समवेअर नेटवर्कमधून आपोआप जगभर पसरला तेव्हा या मशीनवर जुनं विंडोज ७ होतं. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारं काम बिघडेल या भीतीने आम्ही ते अपडेटही करत नव्हतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, आली २००१ साली, पण आपल्याकडच्या प्रेसमध्ये जुन्या फॉन्टच्या फायलींसाठी ती अजून राबते. तेव्हा मी त्याची नेटची केबलच उपटून गुंडाळून ठेवली होती.

स्टॉप चालू झाला की आधी आपल्या सर्व्हरकडे त्या मशीनपुरती नवी किल्ली मागतो. पुढच्या मशीनला ती मिळाली. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीपासून या लोकांनी सांकेतिकीकरण पक्कं केलं होतं. ती किल्ली फक्त त्यांच्याकडे, दुसरं कुणी ती काढू शकत नाही. पण सर्व्हर सापडला नाही तर प्रोग्रॅम पोटात ठेवलेली तयार किल्ली वापरतो, आणि ती त्या प्रकारच्या सगळ्या बळींना एकच असते. मागच्या मशीनवरच्या खंडणीपत्रातला ओळखक्रमांक 'टी१' वर संपत होता. तीच त्या ऑफलाइन किल्लीची खूण. कुठेतरी कुणीतरी त्याच प्रकाराचा बळी पैसे देतो, त्याला किल्ली मिळते, तो ती संशोधकांना देतो, मग बाकी सगळ्यांचं कुलूप उघडतं.

१८ ऑक्टोबरला एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने मायकेल गिलेस्पी या संशोधकाच्या साथीने मोफत टूल दिलं. स्टॉपचे १४८ प्रकार त्यात धरले होते. त्या दिवशी आमच्या प्रकाराची किल्ली त्यात नव्हती. दर सोमवारी मी प्रेसमध्ये जाऊन तपासायचो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टूल चालवलं आणि खिडकीत पहिल्यांदा फायलींची नावं धावायला लागली. रात्रभर ते चालू ठेवलं. सकाळी ताईंनी २००८ सालची एक स्मरणिका उघडली, माउसचं चाक फिरवत पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत गेल्या, आणि मग खाली जाऊन अण्णांना हाक मारली.

अण्णांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा एक परवाना घेतला, पुढच्या मशीनसाठी. किरकोळ कामं इंकस्केपमध्ये होतात, पत्रव्यवहार लिबरऑफिसमध्ये, दोन्ही रीतसर मोफत मिळणारी सॉफ्टवेअर. पुतण्याने इंकस्केप शिकून घेतलं, आता तोच ताईंना शॉर्टकट सांगतो. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. एक आठवड्यातून एकदाच जोडली जाते, दुसरी अण्णांच्या घरी असते. माझ्या इतर गिऱ्हाइकांकडे मी पॅच बसवणं बंद केलं. तिघांनी मला बोलावणं थांबवलं, तेही खरं.

पुढच्या मशीनची मूळ हार्ड डिस्क काढून, तारीख लिहून ठेवली आहे. वर्षातून एकदा मी ती जोडून टूल चालवतो. उत्तर अजून तेच येतं: ऑनलाइन आयडी, सोडवता येत नाही.